ऑपरेशन, भूल आणि फुप्फुसं : इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजेंद्रनगरपासून रामबागेपर्यंतची आणि देवास, महू, उज्जैनहून ऑपरेशनसाठी इंदूरला येणारी मराठी कुटुंबं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुणी भूल म्हणतं, कुणी बेहोशी, गोष्ट एकच. तुमच्या भूलतज्ज्ञांनी याहून वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका, कारण तुमची छाती त्यांनी तपासलेली असते.

१. भूल दिल्यावर श्वास बंद पडतो, हे खरं का?

पूर्ण भुलेत बहुतेक वेळा पडतो, आणि तो मुद्दामच थांबवलेला असतो. स्नायू सैल करणारं औषध शिरेतून गेलं की हातापायांबरोबर श्वासपटलही, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदाही, काम थांबवतो. तेवढा वेळ श्वासनलिकेत सरकवलेल्या नळीतून यंत्र श्वास देतं.

औषध लागू पडल्यापासून नळी बसेपर्यंतची एक-दोन मिनिटं नाजूक असतात. म्हणून आधी मास्क लावून तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात. शांत पडलेलं शरीर मिनिटाला सुमारे २५० मिली ऑक्सिजन वापरतं. साध्या हवेवर फुप्फुसांतला साठा मिनिट-दीड मिनिटात आटत येतो. ऑक्सिजननं भरलेली फुप्फुसं निरोगी माणसाला सात-आठ मिनिटं पुरतात, फार स्थूल माणसाला जेमतेम तीन. मास्कखाली गुदमरल्यासारखं वाटलं तरी तो बाजूला सारू नका, सावकाश खोल श्वास घेत राहा. दाट दाढीतून मास्क गळतो. दाढी बारीक करायला सांगतात ती त्यासाठी.

ऑपरेशन संपलं की स्नायूंवरचं औषध उतरवणारं दुसरं औषध देतात. मनगटाजवळच्या नसेला चार बारीक झटके देऊन चौथा झटका पहिल्याच्या निदान ९० टक्के जोराचा आहे का, हे यंत्रावर पाहणं ही नळी काढण्यापूर्वीची उत्तम खातरजमा. अर्धवट सैल स्नायूंनी माणूस डोळे उघडतो, पण त्याला नीट गिळता किंवा खोकता येत नाही.

२. ऑपरेशन पोटाचं, मग त्रास छातीला का?

उताणं झोपलं की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात. भुलेत ते आणखी सैल पडतं आणि फुप्फुसांचा तळाचा भाग दबून हवेविना मिटतो. पूर्ण भूल दिलेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणांमध्ये सीटी स्कॅनवर असा थोडाफार मिटलेला भाग दिसतो. छोट्या ऑपरेशननंतर तो दिवसभरात आपोआप उघडतो.

पोटाच्या वरच्या भागात, म्हणजे पित्ताशय, जठर किंवा यकृतापाशी, मोठा छेद असेल तर मात्र श्वासपटल पुढचे काही दिवस मंद चालतं, आठवडाभरसुद्धा. त्यात टाके दुखतात म्हणून माणूस वरवरचे श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो. मिटलेल्या भागात कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यूमोनिया उभा राहतो. ही साखळी तोडण्याचं काम बरंचसं रुग्णाच्याच हातात असतं (प्रश्न १३ आणि १४).

३. आमचे बाबा ६८ वर्षांचे आहेत, पण ठणठणीत. त्यांना धोका किती?

वयापेक्षा इतर गोष्टी जास्त मोजाव्या लागतात. ऑपरेशननंतर फुप्फुसांचा त्रास होण्याचा धोका मोजणाऱ्या ॲरिस्कॅट नावाच्या गुणतक्त्यात ५१ ते ८० वयाला फक्त ३ गुण आहेत. पोटाच्या वरच्या भागातल्या छेदाला १५, दोन ते तीन तासांच्या ऑपरेशनला १६, तीन तासांहून लांबलं तर २३. हिमोग्लोबिन १० किंवा कमी असेल तर ११. गेल्या महिनाभरात छातीचा किंवा घशाचा संसर्ग झाला असेल तर तब्बल १७. साध्या हवेवर ऑक्सिजन ९१ ते ९५ असेल तर ८, ९० किंवा खाली असेल तर २४. छाती उघडायची असेल तर २४, तातडीचं ऑपरेशन असेल तर ८.

२६ च्या खाली धोका कमी, ४५ पासून पुढे जास्त. बाबांचं पित्ताशयाचं अडीच तासांचं, पोट उघडून करायचं ऑपरेशन धरलं तर ३, १५ आणि १६ मिळून ३४ होतात, म्हणजे मध्यम. त्यांना तीन आठवड्यांपूर्वी खोकला-ताप येऊन गेला असेल तर तेच ५१ होतात. म्हणून 'आता बरे आहेत' म्हणून तो खोकला सांगायचा राहू देऊ नका.

४. छातीचा एक्स-रे आणि फुंकण्याची तपासणी प्रत्येकाला लागते का?

नाही. दोन जिने न थांबता चढणाऱ्या, खोकला नसलेल्या माणसाच्या हर्नियासाठी फुप्फुसांच्या क्षमतेच्या तपासणीतून काही नवं कळत नाही. दम लागत असेल आणि कारण माहीत नसेल, फुप्फुसाचाच भाग काढायचा असेल, किंवा जुना दमा सध्या आटोक्यात आहे का याची शंका असेल, तेव्हा ती उपयोगाची. भूलपूर्व तपासणीला, फाइलवर जिला पीएसी लिहितात तिला, जाताना जुने एक्स-रे मात्र न्या. जुना डाग आणि नवा डाग यांतला फरक जुन्या फिल्मवाचून सांगता येत नाही.

५. ऑपरेशन सकाळी ९ ला आहे. पोहे नाही, पण चहा, शिकंजी किंवा उपवासाचं चालेल का?

भुलेत घशाची राखण करणारी खोकल्याची उबळ निजते. पोटात काही असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत उतरतं, आणि जठरातलं आम्ल फुप्फुसांना अक्षरशः भाजून काढतं. म्हणून तासांचे हिशेब पाळायचे. तळलेलं, तुपकट किंवा मांसाहार ८ तास आधी बंद. वरण-भात, टोस्ट असं हलकं अन्न ६ तास. गाईचं-म्हशीचं किंवा डब्याचं दूध ६ तास, आईचं दूध ४ तास. आरपार दिसणारं पाणी, गाळलेलं लिंबूपाणी किंवा बिनदुधाचा चहा २ तास आधीपर्यंत.

म्हणजे ९ च्या ऑपरेशनसाठी सातपर्यंत पाणी प्यायला हरकत नाही, आणि ते प्यावंच. रात्रभर कोरडं राहून काही फायदा होत नाही. दुधाचा चहा मात्र पहाटे तीननंतर नाही. सराफ्यातून, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातून, रात्री बाराला गराडू (तळलेला कंद) खाऊन आलात तर आठ तासांचा काटा जेमतेम सुटतो, आणि तेलकट पोट आठ तासांतही रिकामं होईल याची हमी नाही. आदल्या दिवशी साधं जेवण नऊपर्यंत उरकलेलं बरं.

आता शिकंजी. दिल्लीकडच्या परिचारिकेनं 'शिकंजी चालेल' म्हटलं तर तिच्या मनात लिंबूपाणी असतं. इंदूरची शिकंजी आटवलेल्या दुधाची, सुकामेव्याची. तिला दाट दुधाचा, निदान सहा तासांचा नियम लागतो. ताकही दुधातच मोजा.

एकादशीचा उपवास आणि भुलेचा उपवास एक नव्हेत. साबुदाण्याच्या खिचडीत तूप आणि शेंगदाणे असतात, म्हणून तिला ८ तास. पान, सुपारी, गुटखा त्या सकाळी तोंडात नकोच. रोजच्या गोळ्यांपैकी कोणत्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या ते पीएसीलाच लिहून घ्या. आणि चुकून काही खाल्लं तर सांगून टाका. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, एवढंच.

६. मधुमेहाची आणि वजनाची औषधं नेहमीसारखी घ्यायची ना?

इथे दोन सापळे आहेत. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) साधारण ३ दिवस आधी थांबवाव्या लागतात. न थांबवता उपाशी राहिलं तर रक्तात आम्ल साचतं आणि रुग्ण भराभर, खोल श्वास घेऊ लागतो. साखर मात्र जवळजवळ ठीक दिसते, त्यामुळे सगळे फुप्फुसात दोष शोधत बसतात. ही गोळी चालू होती हे माहीत असेल तर कीटोनची, म्हणजे त्या आम्लाची, तपासणी लगेच सुचते.

दुसरा सापळा आठवड्याच्या इंजेक्शनांचा: सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड. यांनी जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून प्रश्न ५ मधले तास पाळूनही पोटात अन्न उरू शकतं. डोस नुकताच सुरू झाला किंवा वाढला असेल, मळमळ होत असेल, तर धोका जास्त. शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं ते सांगा. आदला दिवस फक्त पातळ पदार्थांवर काढायला किंवा पोटाची सोनोग्राफी करायला सांगतील. वजनासाठी घेतलेलं इंजेक्शन घरात लपवलं जातं, डॉक्टरांपासून लपवू नका. आणि मधुमेहासाठीचं स्वतःच्या मनानं बंदही करू नका.

७. बिडी-सिगारेट ऑपरेशनच्या किती आधी सोडावी? थोडे दिवस आधी सोडली तर कफ वाढतो म्हणतात.

चार आठवडे किंवा त्याहून आधी सोडली तर फुप्फुसांची गुंतागुंत स्पष्ट कमी होते. श्वासनलिकेत कफ वर सरकवणारे बारीक केस असतात, ते पुन्हा कामाला लागायला आठवडे लागतात. थोडे दिवस आधी सोडणं घातक, ही जुनी समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. शेवटच्या १२ ते २४ तासांतही उपयोग होतो, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवून बसतो आणि तेवढ्या वेळात बराच उतरतो. त्यामुळे आज सोडणं कधीही उशिराचं नाही.

जिनं कधी बिडी ओढली नाही, पण चाळीस वर्षं गोवऱ्या-लाकडांच्या चुलीपुढे काढली, अशा आजीची फुप्फुसं धूम्रपान करणाऱ्यासारखीच झिजलेली असू शकतात. हे कुणी विचारत नाही, म्हणून तुम्ही आपणहून सांगा.

८. मी गुटखा खातो. त्याचा आणि भुलेचा काय संबंध?

फार जवळचा. सुपारीनं गालांच्या आतलं अस्तर ताठ, दोरीसारखं होतं आणि तोंड उघडणं कमी होत जातं. आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी आत घालून पाहा. तीन गेली तर ठीक. दोनच जात असतील तर नळी घालणं अवघड, एक जात असेल तर नेहमीच्या पद्धतीनं ती जाणारच नाही. भूल दिल्यावर जबडा सैल होईल अशी आशा ठेवता येत नाही, कारण हा स्नायूंचा आवळ नसून व्रणाचे पट्टे आहेत. स्नायूंच्या औषधाला ते दाद देत नाहीत.

अशा वेळी रुग्ण जागा असताना नाक आणि घसा औषधानं बधिर करून, कॅमेऱ्याच्या लवचीक दोरीवरून नाकावाटे नळी घालतात. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण तुम्ही स्वतः श्वास घेत असता, म्हणून तेच सुरक्षित. ही दोरी प्रत्येक छोट्या नर्सिंग होममध्ये असेलच असं नाही. म्हणून टेबलावर शोध लागण्यापेक्षा आठवडाभर आधी कळलेलं चांगलं. पीएसीत 'आ करा, जीभ बाहेर काढा' म्हणतात ती चाचणी मूळ भारतीय असलेल्या डॉ. मल्लमपती यांच्या नावानं १९८५ पासून जगभर ओळखली जाते. तेव्हा तोंड संकोचानं अर्धंच उघडू नका. हलणारे दात आणि कवळीही त्याच वेळी दाखवा.

९. दमा आहे. पंप त्या दिवशी घ्यायचा की उपाशीपोटी चालत नाही?

घ्यायचाच, अगदी ऑपरेशनच्या सकाळीही. पंपाला उपवासाचा नियम नाही. नेहमीचा स्टिरॉइडचा पंप चुकवू नका. भुलेच्या २०-३० मिनिटं आधी साल्ब्युटामॉलचे (श्वासनलिका मोकळी करणाऱ्या पंपाचे) दोन पफ स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून, घ्यायला सांगतात. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एकच पफ स्पेसरमध्ये सोडून सावकाश ओढायचा, दहा सेकंद रोखायचा, आणि अर्ध्या-एक मिनिटानं दुसरा. दोन्ही पफ एकदम सोडले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. पंप आणि स्पेसर सोबत वॉर्डात न्या.

गेल्या महिन्यात रात्री दम्यानं जाग आली, किंवा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला, तर आधी दमा आटोक्यात आणून मग ऑपरेशन. तोंडानं घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या गेल्या तीन महिन्यांत तीन आठवड्यांहून जास्त घेतल्या असतील तर तेही सांगा. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं विसरलेलं असू शकतं.

तारीख तुमच्या हातात असेल तर रंगपंचमीनंतरचा आठवडा टाळा. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पाहून आल्यावर गुलालानं चिडलेली श्वासनलिका पुढचे काही दिवस हळवी राहते. दिवाळीच्या धुराचंही तसंच.

१०. मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन उद्या आहे आणि आज सर्दी झाली. करावं की पुढे ढकलावं?

फक्त पाणीदार नाक, ताप नाही, मूल खेळतंय, छाती साफ, अशा वेळी बरेचदा करता येतं. ताप, हिरवट-पिवळा शेंबूड, ओला खोकला किंवा छातीत सूं-सूं असेल तर साधारण दोन आठवडे ते चार आठवडे थांबतात. सर्दीनंतर श्वासनलिका सहा आठवड्यांपर्यंत हळवी राहू शकते. नळी घालताना-काढताना मुलाचा घसा गच्च आवळला जातो आणि ऑक्सिजन क्षणात उतरतो. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर हा धोका वाढतो. निर्णय भूलतज्ज्ञांना मुलाला तपासूनच घेता येतो, म्हणून सर्दी दिसताच आदल्या दिवशी फोन करा.

११. हे रात्री खूप घोरतात. सांगायची गरज आहे का?

आहे, आणि ते सांगायचं काम बहुधा बायकोचं असतं, कारण झोपलेल्याला आपलं घोरणं कळत नाही. घोरता घोरता श्वास थांबतो आणि मग धाप लागून सुरू होतो का, दिवसा डुलक्या लागतात का, रक्तदाब आहे का, मान ४० सेंटिमीटरहून जाड आहे का, हे पाहून ठेवा. शिंप्याची टेप पुरते. असा माणूस ऑपरेशननंतर मॉर्फिनसारख्या वेदनाशामकावर झोपला की घसा मिटतो, आणि औषधामुळे मेंदूही त्याला उठवत नाही. म्हणून पहिली रात्र ऑक्सिजनचा आकडा सतत पाहिला जाईल अशा खाटेवर काढतात, डोकं ३० अंश उंच ठेवून. घरी सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) यंत्र असेल तर मास्कसकट सोबत न्या.

१२. छाती कमजोर आहे, मग कमरेतलं इंजेक्शनच दिलं तर झालं ना?

बेंबीखालच्या ऑपरेशनला, म्हणजे हर्निया, गुडघा, प्रोस्टेट, ते बरेचदा चांगला मार्ग ठरतं. रुग्ण स्वतः श्वास घेत राहतो आणि घशात नळी लागत नाही. पण त्याच्या मर्यादा आहेत. औषध वर चढलं तर बरगड्यांचे स्नायूही ढिले पडतात आणि खोकण्याचा जोर जातो. ज्याला उताणं झोपताच दम लागतो, त्याला दोन तास तसं झोपवणंच अवघड. मोतीबिंदूला भूल नाममात्र असते, पण सततचा खोकला असेल तर डोळा स्थिर राहत नाही, म्हणून तिथेही आधी खोकल्याचा बंदोबस्त.

एक अपवाद आवर्जून सांगतो, कारण भल्याभल्यांना तो आठवत नाही. खांद्याच्या ऑपरेशनसाठी मानेत देतात त्या नेहमीच्या ब्लॉकमुळे (नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनमुळे) त्याच बाजूची श्वासपटलाची नस जवळजवळ प्रत्येकात काही तास बधिर होते. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. पण ज्याचं दुसऱ्या बाजूचं फुप्फुस आधीच निकामी आहे किंवा ज्याचा श्वास सीओपीडीनं (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारानं) काठावर आहे, त्याच्यासाठी 'नुसता ब्लॉक' पूर्ण भुलेहून जोखमीचा ठरू शकतो.

१३. तीन गोळ्यांचं यंत्र दिलंय. बाबा जोरात फुंकतात, गोळ्या वरच जात नाहीत.

कारण श्वासाच्या व्यायामाचं हे यंत्र फुंकायचं नाही, ओढायचं आहे. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. खाटेवर ताठ बसा, पाय खाली सोडलेले उत्तम. श्वास पूर्ण बाहेर सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, आणि सरबत सावकाश स्ट्रॉनं ओढावं तसा श्वास ओढा. कप्प्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. सेकंदाला इतके मिली हवा आत गेली की त्या कप्प्यातली गोळी उचलली जाते. तिन्ही गोळ्या टणकन वर जाऊन पडल्या तर तो झटका झाला. ती हवा आधीच उघड्या असलेल्या भागात जाते. दोन गोळ्या तीन सेकंद तरंगत राहिल्या तर मिटलेला तळ उघडायला वेळ मिळतो. तिसरी खालीच राहिली तरी चालेल. मग नळी काढून तीन सेकंद श्वास रोखा आणि सोडा.

जागं असताना दर तासाला दहा वेळा. चक्कर आली तर थांबा, तुम्ही भराभर करताय. यंत्र एकाचं दुसऱ्यानं वापरू नये.

यंत्र म्हणजे जादू नव्हे. नुसतं उशाशी ठेवून काही होत नाही, आणि त्याच्याविना मोजून घेतलेले खोल श्वासही जवळजवळ तेवढंच काम करतात. शिकणं ऑपरेशनच्या आधी झालं पाहिजे, हा खरा मुद्दा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ४४१ रुग्णांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पोटाच्या वरच्या भागाच्या मोठ्या ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टनं एकदाच, अर्धा तास, श्वासाचे व्यायाम शिकवले. फुप्फुसांची गुंतागुंत शंभरात २७ वरून १२ वर आली. ऑपरेशनला दोन आठवडे असतील तर रोज सकाळी पिपल्यापाल्याच्या बागेत नाहीतर घराच्या गच्चीवर बोलता येईल इतपत दम लागेल असं अर्धा तास चालायलाही लागा.

१४. खोकलं तर टाके तुटतील का?

नाही. टाके खोकला सोसतील असेच घातलेले असतात; न खोकल्यानं होणारं नुकसान मोठं. छोटी घट्ट उशी किंवा घडी केलेली चादर छेदावर दोन्ही हातांनी दाबून धरा, पुढे किंचित वाका. आधी तीन खोल श्वास घ्या, मग आरशावर वाफ सोडतो तसा तोंड उघडं ठेवून 'हाऽ' असा जोरात श्वास सोडा, दोनतीनदा. कफ घशाशी आला की मग एकच खोकला. घसा खरवडत खोकत राहिल्यानं माणूस थकतो, कफ तिथेच राहतो.

दुखणं सोसून हे होत नाही. 'दुखल्यावरच गोळी' असा बाणेदारपणा इथे नको. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी घेतलेलं चांगलं. प्रौढाला दिवसाला एकूण ४ ग्रॅमच्या वर नाही, वजन ५० किलोखाली असेल किंवा यकृत बिघडलेलं असेल तर त्याहून कमी. दात सकाळ-संध्याकाळ घासा. तोंडातले जंतूच खाली उतरून न्यूमोनिया करतात, आणि रुग्णाच्या ब्रशची आठवण घरात कुणालाच राहत नाही. पहिल्या दिवशी खुर्चीत बसणं, दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालणं हा बेत डॉक्टरांना विचारून आधीच ठरवा. पायांतल्या रक्ताच्या गाठीही त्यानं टळतात.

१५. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर उजवा खांदा का दुखतोय?

पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडनं श्वासपटलाखालचा भाग चिडतो, आणि त्याची नस मानेतूनच निघत असल्यानं दुखणं खांद्यात जाणवतं. एक ते तीन दिवसांत जातं. श्वास घेताना छातीत टोचत असेल, किंवा डाव्या हातात-जबड्यात कळ असेल, तर मात्र हे कारण गृहीत धरू नका.

१६. ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवर ठेवलंय. म्हणजे आशा नाही का?

तसं मुळीच नाही. लांबलेलं ऑपरेशन, थंड पडलेलं शरीर, भरपूर रक्त द्यावं लागणं, सुजलेला घसा अशा कारणांनी एक रात्र यंत्रावर ठेवणं ही बरेचदा आधीच ठरवलेली खबरदारी असते. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: हे ठरलेलं होतं की अचानक करावं लागलं, ऑक्सिजन किती टक्के लागतोय (हवेत २१ असतो, ४० पर्यंत असेल तर दिलासा), आणि यंत्राचा आधार कमी करून पाहण्याची वेळ कोणती. नळी असताना रुग्ण बोलू शकत नाही, पण ऐकू शकतो. 'आई, ऑपरेशन झालंय, घशात नळी आहे, म्हणून बोलता येत नाहीये' हे तिच्या कानाशी सांगा. हात बांधावे लागण्याइतकी धडपड पुष्कळदा तेवढ्यानं शमते. नळी काढल्यावर घसा दोन-तीन दिवस दुखतो. आवाज आठवड्याहून जास्त बसला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

१७. घरी आल्यावर ऑक्सिमीटर ९३ दाखवतोय. कधी धावायचं?

आधी आकडा खरा आहे का ते पाहा. बोट गरम करा, गडद नेलपॉलिश पुसा, काळी मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या, आणि लहर स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तेवढ्या उंचीनं आकडा फारसा बदलत नाही. मग ताठ बसून दहा खोल श्वास घ्या. ९३ चे ९६ झाले तर फुप्फुसाचा तळ मिटलेला होता; व्यायाम वाढवा. ९२ किंवा खाली टिकून राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर, ९० च्या खाली असेल तर वाट पाहू नका. सीओपीडी असलेल्यांचा आकडा मुळातच कमी असतो; त्यांनी आपला आकडा सुट्टी होतानाच लिहून घ्यावा.

आकड्याआधी श्वास मोजा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला २४ हून जास्त श्वास घेत असेल, वाक्य पुरं करताना थांबत असेल, तर ऑक्सिजन ९५ असला तरी दाखवा. एका बाजूची पोटरी सुजून दुखत असताना अचानक दम लागला किंवा छातीत टोचलं, तर पायातली गाठ फुप्फुसात गेल्याची शक्यता असते. सरळ इमर्जन्सीत जा. पहिल्या दोन दिवसांतला हलका ताप 'फुप्फुस मिटल्यामुळे' असतो असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, पण त्याला पुरावा नाही. तो बहुधा शरीराची जखमेला प्रतिक्रिया असते. तिसऱ्या दिवसानंतर चढणारा ताप आणि पिवळा कफ हे मात्र तपासून घ्या.

१८. सिझेरियननंतर सासूबाई शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी द्यायचं म्हणतात. चालेल का?

मायेनं सांगतात, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बाळंतीण व बाळ दोघं तिथेच तासन्तास असतात. धुरीनं टाक्यांवर खोकल्याची उबळ येते आणि बाळाची श्वासनलिका चिडते. ऊब हवीच तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून पाठीला. पण कमरेतल्या इंजेक्शनची बधिरता पूर्ण उतरण्याआधी तीही नाही, भाजलेलं कळत नाही. डिंकाचे लाडू, अळीव खुशाल द्या.

१९. आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं. छातीत कफ आहे, तो बरा करून मग ऑपरेशन करू का?

प्रश्न १० मधलं थांबण्याचं उत्तर इथे उलटं होतं. मोडलेल्या खुब्यानं आजी उठू शकत नाही, कूस बदलू शकत नाही, दुखण्यामुळे खोकू शकत नाही. तिचा कफ अंथरुणात बरा होण्याऐवजी वाढतच जातो. म्हणून शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन करून तिला बसतं करणं हाच छातीवरचा उपचार. अँटिबायोटिक, वाफारा, फिजिओथेरपी हे सगळं ऑपरेशनच्या तयारीबरोबरच चालू ठेवतात. मांडीच्या नसेचा ब्लॉक दवाखान्यात पोचताच मिळतो का विचारा. दुखणं उतरलं की आजी त्याच रात्री खोकू लागते.

२०. जुना टीबी किंवा भोपाळचा वायू लागलेला असेल तर?

टीबी चालू असून थुंकीत जंतू असतील तर न अडणारं ऑपरेशन औषधं लागू पडून थुंकी स्वच्छ होईपर्यंत पुढे ढकलतात. खोलीतल्या सगळ्यांच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे. औषधाचा एकही डोस चुकवू नका. रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधं भराभर फोडायला लावतं, म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी द्या. बरा झालेला टीबी मागे आकसलेलं फुप्फुस किंवा कफानं भरलेल्या फुगलेल्या नळ्या ठेवून जातो. रोज कपभर कफ पडत असेल तर ऑपरेशनआधी काही दिवस छाती मोकळी करण्याची फिजिओथेरपी घ्या.

२ ते ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये असलेले काही जण आता इंदूरला राहत असतील. त्या रात्री गळलेल्या मिथिल आयसोसायनेट वायूनं बारीक श्वासनलिकांना केलेली इजा एक्स-रेवर दिसेलच असं नाही. त्यांच्यासाठी प्रश्न ४ मधली फुंकण्याची तपासणी करून घेणं योग्य. 'आता चाळीस वर्षं झाली' म्हणून सोडून देऊ नका.

२१. काकांना पूर्वी एका छोट्या ऑपरेशननंतर कित्येक तास श्वासच आला नव्हता. आता माझं ऑपरेशन आहे, सांगू का?

नक्की सांगा. सक्सामेथोनियम, जुन्या मंडळींच्या भाषेत स्कोलिन, हे स्नायू सैल करणारं औषध एरवी पाच-दहा मिनिटांत उतरतं. रक्तातलं एक विकर ते फोडतं. काही घराण्यांत हे विकर जन्मतःच दुबळं असतं आणि मग तेच औषध कित्येक तास टिकतं. वेळेत ओळखलं तर रुग्णाला झोपवून यंत्रावर ठेवतात आणि तो पूर्ण बरा होतो. आधीच माहीत असेल तर ते औषध टाळून दुसरं देता येतं. रक्ताच्या तपासणीत विकराचं प्रमाण कळतं. काकांचं डिस्चार्ज कार्ड मिळालं तर त्याची प्रत फाइलमध्ये लावा. नाही मिळालं तर ऑपरेशन कोणतं, साल कोणतं, किती तास यंत्रावर होते हे कागदावर लिहून पीएसीला द्या. तपासणीत दोष निघाला तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या, आणि त्या औषधाचं नाव ठळक लिहिलेली चिठ्ठी पाकिटात कायम ठेवा. अपघातानंतर बोलता न येणाऱ्या माणसाच्या वतीनं ती चिठ्ठीच बोलते.